भेडाघाटचा कांस: एका तणाची आणि उसाची गोष्ट

भाद्रपदाचा शेवटचा पाऊस ओसरला आणि आश्विन लागला की भेडाघाटला पुन्हा माणसे येऊ लागतात. जबलपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर नर्मदा संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीत शिरते. त्याच्या अलीकडे धुआँधार धबधब्याचे तुषार धुरासारखे वर उठत असतात. पावसाळ्यात बंद असलेल्या नावा सुरू होतात. शरद पौर्णिमेच्या सुमारास इथे नर्मदा महोत्सव भरतो आणि चांदण्यात उजळलेले कडे टिपण्यासाठी कॅमेऱ्यांची गर्दी होते. या छायाचित्रांत कड्यांच्या पायथ्याशी, वाळूच्या पट्ट्यावर किंवा काठाच्या उतारावर एक पांढरी, झुलणारी किनार बहुधा दिसते. ती कुणी मुद्दाम टिपलेली नसते. ती किनार म्हणजे कांस.

शरदाच्या आरंभीची फुले पाहायला लोक उद्यानात जातात. इथे उद्यान नाही, माळी नाही आणि झाडापाशी नावाची पाटीही नाही. तरीही भारतातील वनस्पतिविज्ञानाच्या इतिहासात या बिनलावणीच्या फुलाला जेवढे स्थान आहे, तेवढे उद्यानातल्या फार थोड्या फुलांना असेल. याच गवताने नर्मदेच्या खोऱ्यातील शेते ओसाड केली. याच गवताचा अंश आज महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक उसाच्या कांडीत आहे.

कार्ल लिनियसने १७७१ मध्ये या गवताला ‘सॅकॅरम स्पॉन्टेनियम’ असे नाव दिले. सॅकॅरम म्हणजे साखरेचे कुल. स्पॉन्टेनियम म्हणजे आपोआप उगवणारे. उसाचे नाव ‘सॅकॅरम ऑफिसिनॅरम’ असून त्यातले विशेषण औषधांच्या दुकानावरून आले आहे, कारण युरोपात साखर दीर्घकाळ औषधविक्रेत्याकडेच मिळत असे. एक दुकानातला आणि दुसरा रानातला, असे हे दोन भाऊबंद. लिनियसने त्यांना एकाच कुलात ठेवले खरे, पण त्यांचा संकर घडवून आणण्याचा विचार कुणाच्या मनात यायला आणखी सव्वाशे वर्षे जावी लागली.

संस्कृतात या गवताला काश म्हणतात. ‘ऋतुसंहारा’तली शरद ऋतूची नायिका काशाची वस्त्रे नेसून येते. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त कांसाच्या फुलण्याचा संबंध पावसाच्या म्हातारपणाशी जोडलेला आहे, आणि नर्मदाकाठच्या खेड्यांत आजही कांस फुलला की पाऊस संपला असे समजतात. बंगालमध्ये काशफूल हे दुर्गापूजेच्या आगमनाचे चिन्ह आहे. हे फूल कॅमेऱ्यात पकडणे मात्र दिसते तितके सोपे नाही. सत्यजित राय यांनी ऑक्टोबर १९५२ मध्ये ‘पथेर पांचाली’च्या चित्रीकरणाला काशाच्या शेतातूनच आरंभ केला. एका दिवसाचे काम झाले आणि पुढच्या आठवड्यात मंडळी परत येऊन पाहतात तो शेत उघडे पडलेले. मधल्या दिवसांत गुरांनी सगळी फुले फस्त केली होती. उरलेल्या दृश्यासाठी पुढच्या शरदाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मुळात ज्याला आपण फूल म्हणतो ते पाकळ्यांचे फूल नव्हे. गवतांची फुले वाऱ्यावर परागित होतात. कीटकांना बोलावण्याची गरज नसल्यामुळे त्यांना रंग, गंध किंवा मध यांपैकी काहीच लागत नाही. कांसाच्या तुऱ्यावर शेकडो बारीक कणिशके जोडीजोडीने लागतात. प्रत्येक जोडीत एक कणिशक बिनदेठाचे असते, तर दुसरे लहान देठावर बसलेले. कणिशकाच्या बुडाशी रेशमासारख्या लांब केसांचा झुबका असतो. दुरून जो शुभ्र प्रकाश दिसतो तो या केसांचा. बी पिकले की हेच केस त्याला वाऱ्यावर उचलून नेतात. उन्हाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे प्रकाश तुऱ्याच्या मागून येईल अशा रीतीने पाहिले, तर प्रत्येक केस वेगळा उजळतो. जवळून पाहिल्यास तांबूस-जांभळे परागकोश आणि पिसासारखे कुक्षीही दिसतात. त्यांचे आयुष्य मात्र एखाद्या सकाळीपुरतेच असते.

भेडाघाटच्या लिखित इतिहासात कार्तिकातली एक सहल प्रसिद्ध आहे. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. त्या वर्षीच्या युद्धानंतर ते कंपनीकडे गेले आणि पुढे ‘सागर व नर्मदा प्रदेश’ या नव्या प्रांतात सामील झाले. ठगांच्या बंदोबस्तासाठी पुढे नावाजलेला विल्यम स्लीमन हा या प्रांतातला अधिकारी. जबलपूरच्या टेकडीवर १८२८ मध्ये त्याला जी अश्मीभूत हाडे सापडली, ती भारतातील डायनोसॉरच्या अवशेषांचा पहिला शोध मानली जातात. १८३५ मध्ये हिमालयाकडे निघण्याआधी तो मंडळींसह संगमरवरी कडे पाहायला भेडाघाटला गेला. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाचा आरंभच या सहलीने होतो. कार्तिक संपत आला होता आणि नदीकाठी जत्रा भरली होती. तोवर कांसाचे तुरे बहुधा झडून गेले असतील. नव्या राज्यकर्त्यांना या गवताशी गाठ घ्यावी लागली ती फुलांमुळे नव्हे, मुळांमुळे.

कांसाचे खरे अंग जमिनीखाली असते. त्याचे आडवे खोड मातीत खोलवर पसरते आणि त्याच्या प्रत्येक पेरावर नवा कोंब फुटू शकतो. नर्मदेच्या खोऱ्यातील आणि बुंदेलखंडातील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बैलांचा लाकडी नांगर तिच्या वरच्या थरातच फिरतो. नांगराच्या फाळाने खोड तुटले तर कांस मरत नाही. उलट एका खोडाचे चार तुकडे होतात आणि चारही फुटतात. म्हणून शेत नियमित कसले जात असेल तोवरच कांस काठावर थांबतो. शेतकरी एकदोन हंगाम मागे पडला, बैल मेले, बियाणे संपले, गाव उठून गेले, की तो आत येतो.

१८९० च्या दशकात नेमके हेच घडले. जबलपूर, सागर, दमोह हा गव्हाचा प्रदेश. तेथे काही वर्षे लागोपाठ अवेळी पाऊस आणि तांबेरा यांनी पीक गेले आणि पाठोपाठ १८९६–९७ चा दुष्काळ आला. ज्यांच्या हातात पुढच्या हंगामाचे बियाणेही उरले नाही, त्यांच्या शेतात कांस उतरला. या भागातील महसुली अहवाल आणि गॅझेटियर चाळले तर कांसाचा उल्लेख रोगराईच्या भाषेत येतो. शेत ‘कांसाखाली गेले’ म्हणजे ते पेरणीच्या हिशेबातून आणि काही काळाने सारा-आकारणीतूनही बाद झाले. दहा-पंधरा वर्षे जमीन पडीक ठेवली तर कांस आपोआप विरळ होतो, असा शेतकऱ्यांचा अनुभवही नोंदवलेला आढळतो. पण दहा-पंधरा वर्षे शेत सोडून जगण्याची ऐपत असलेला शेतकरी तेव्हा कुठे होता?

या संकटावर जबलपूर भागाकडे स्वतःचे एक जुने उत्तर होते. त्याची दखल जितकी घ्यायला हवी तितकी घेतली जात नाही. जबलपूरच्या आसपासचा ‘हवेली’ म्हणून ओळखला जाणारा गहूपट्टा पूर्वीपासून बांधबंदिस्तीने कसला जातो. शेताभोवती उंच बांध घालून पावसाचे पाणी चार महिने शेतातच कोंडायचे. त्या दिवसांत शेते तळ्यांसारखी दिसतात. आश्विनात पाणी सोडून द्यायचे आणि वाफसा आला की गहू-हरभरा पेरायचा. यात मातीला ओल मिळते ही उघड गोष्ट. तितकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट अशी की, महिनोन्महिने पाण्याखाली राहिल्याने तणांची मुळे गुदमरतात. कांसाच्या मुळांना चांगला निचरा होणारी, हवा खेळती असणारी माती मानवते. नदीची वाळू त्याला प्रिय असण्याचे कारणही हेच. बांध घालणाऱ्या शेतकऱ्याने वनस्पतिशास्त्र वाचलेले नव्हते, पण उपाय नेमका शोधला होता.

स्वातंत्र्यानंतर दुसरे उत्तर आले, ते लोखंडाचे. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले जड ट्रॅक्टर भारत सरकारच्या हाती आले. त्यांतून केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. मध्य प्रांत, भोपाळ आणि आसपासच्या संस्थानी प्रदेशांतली कांसाने व्यापलेली जमीन परत मिळवणे हे तिचे मुख्य काम होते. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. रेल्वेसाठी मिळालेल्या कर्जानंतरचे हे भारताचे दुसरे कर्ज, आणि त्याचा उद्देश कांस उखडणे हा होता. एखाद्या गवतावर आंतरराष्ट्रीय बँकेने पैसा लावल्याची उदाहरणे जगात फार नसतील. पद्धत साधी होती. रब्बीचे पीक निघाल्यापासून पाऊस पडेपर्यंतच्या कडक उन्हात साखळीच्या ट्रॅक्टरांनी जमीन फूटभर खोल उलथून टाकायची. उघडी पडलेली खोडे वैशाखाच्या उन्हात वाळून जातात. लाखो एकर जमीन अशी मोकळी झाली. फाळणीनंतर अन्नधान्य आयात करणाऱ्या देशाला तिची निकड होती.

येथपर्यंतची गोष्ट शत्रूची झाली. आता दक्षिणेकडे जावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात ऊस भरपूर पिकत असे, पण साखर जावाहून येत असे. उत्तर भारतातला देशी ऊस बोटाएवढा बारीक, चिवट आणि रसाला कमी. उष्ण प्रदेशातला जाड, रसाळ ‘उदात्त’ ऊस उत्तरेच्या थंडीत, कोरड्या उन्हाळ्यात आणि साचलेल्या पाण्यात टिकत नसे. चांगला ऊस संकराने निर्माण करावा, तर उसाला बी धरते हेच मुळी १८८० च्या दशकाच्या अखेरीस जावा आणि बार्बाडोस येथे सिद्ध झाले. त्याआधी हजारो वर्षे जगभर ऊस कांडी पुरूनच लावला जात होता. भारतात आणखी एक अडचण होती. उत्तरेकडे उसाला तुरा क्वचित येतो आणि आला तरी थंडीमुळे पराग निकामी होतात.

म्हणून १९१२ मध्ये कोइम्बतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. तिथल्या हवेत उसाला तुरे येत आणि बीही धरे. केंद्राचे प्रमुख चार्ल्स आल्फ्रेड बार्बर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचे सहायक टी. एस. वेंकटरामन पुढे या केंद्राचे प्रमुख झाले. बार्बर यांच्या मनात आलेला विचार तेव्हाच्या ऊस उत्पादकांना विक्षिप्त वाटला असता. गोड उसाला त्यांनी कांसाचा पराग द्यायचे ठरवले. कांसात साखर नगण्य, कांडी पेन्सिलीएवढी आणि आत भेंड. पण तो थंडीत मरत नाही, पुरात वाहून जात नाही, दुष्काळात पुन्हा फुटतो आणि बहुतेक रोगांना दाद देत नाही. भेडाघाटच्या काठावर त्याचे जे गुण डोळ्यांत भरतात आणि शेतात जे दोष ठरतात, ते सगळे गुण उसाला हवे होते.

हे काम अतिशय नाजूक होते. उसाच्या एका तुऱ्यात हजारो सूक्ष्म फुले असतात. त्यांतले पुंकेसर चिमट्याने काढणे अशक्य. त्यामुळे ज्याचे परागकोश फुटतच नाहीत असा ऊस आई म्हणून निवडावा लागे. तुरा बाहेर पडताच परक्या परागापासून वाचवण्यासाठी कापडाने झाकायचा, पहाटे नराचा तुरा आणून त्यावर पराग झटकायचा, असे दिवसांमागून दिवस. कापसाच्या धुळीसारखे दिसणारे बी पिकले की ते लगेच पेरावे लागे, कारण त्याची उगवणशक्ती लवकर जाते. त्यातून उगवलेल्या रोपांपैकी बहुसंख्य टाकून द्यायची असतात.

दक्षिणेतला ‘वेल्लै’ हा जाड ऊस आणि कोइम्बतूर परिसरातला कांस यांच्या संकरातून निवडलेले एक रोप ‘को २०५’ या नावाने १९१८ मध्ये पंजाबातील शेतकऱ्यांसाठी प्रसृत झाले. ‘को’ म्हणजे कोइम्बतूर. ऊस आणि कांस यांच्या थेट संकरातून आलेला वाण प्रत्यक्ष शेतात यशस्वी व्हावा ही दुर्मीळ गोष्ट. सहसा कांसाचा अंश सौम्य करण्यासाठी संकराला पुन्हापुन्हा गोड उसाशी जोडावे लागते. जावातील डच शास्त्रज्ञ हेच करत होते. तिथल्या उसाला ‘सेरेह’ नावाच्या रोगाने घेरले होते, आणि ‘कासूर’ नावाचा एक रानटी संकर त्या रोगातून सुटलेला आढळला होता. या कासूरचे बाप-आजे शोधण्याचे काम पेशींनी केले. जावातल्या गोड उसात ८० गुणसूत्रे, तिथल्या कांसात, म्हणजे ‘ग्लागा’त, ११२. निम्मी-निम्मी घेतली तर अपत्यात ९६ यायला हवीत. ब्रेमर या शास्त्रज्ञाला कासूरमध्ये १३६ आढळली. याचा अर्थ आईने आपली अर्धी नव्हे, सगळीच्या सगळी ८० गुणसूत्रे दिली आणि बापाने ५६. गोड उसाची मादी रानटी नराशी मिळताना आपला वारसा निम्मा करत नाही, ही उसाच्या आनुवंशिकीतील अजब गोष्ट अशी उघड झाली. गोडवा लवकर परत मिळवता आला, तो या विसंगतीमुळेच. कासूरच्या वंशातून, आणखी दोनदा गोड उसाशी संकर करून, १९२१ मध्ये ‘पीओजे २८७८’ हा वाण निघाला आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ साऱ्या जावाभर पसरला.

कोइम्बतूर आणि जावा येथील या दोन धारा पुढे एकत्र आल्या. महाराष्ट्राच्या कालव्यांवर पूर्वी ‘पुंड्या’ ऊस होता. त्याची जागा आधी पीओजे २८७८ ने आणि मग त्याचाच वंशज असलेल्या ‘को ४१९’ ने घेतली. १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि पुढच्या पाचसहा वर्षांत देशातील साखर कारखान्यांची संख्या तिसाच्या आसपासून सव्वाशेच्या पुढे गेली. जकातीचे श्रेय इतिहासकार देतात. पण जकात बसली तरी गाळायला ऊस लागतो, आणि तो ऊस ‘को’ वाणांचा होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यानंतर राज्यात ‘को ७४०’ आला, आणि १९९६ पासून ‘नीरा’ या नावाने ‘को ८६०३२’. सहकाराच्या इतिहासात या आकड्यांना फार जागा मिळत नाही. शेतकऱ्याला मात्र ते तोंडपाठ असतात.

कोइम्बतूरच्या या परंपरेत १९३४ मध्ये एडवलेथ कक्कट जानकी अम्माळ आल्या. मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेल्या या पेशीशास्त्रज्ञ स्त्रीने ऊस आणि त्याच्या दूरच्या आप्तांचे संकर तपासले. ऊस आणि मका यांचा संकर हा त्यांतला सर्वांत गाजलेला. कांसाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या नमुन्यांत गुणसूत्रांची संख्या सारखी नसते, या निरीक्षणाचा त्यांनी पाठपुरावा केला. पुढे लंडनजवळच्या विस्ली उद्यानात त्यांनी मॅग्नोलियावर काम केले आणि १९५१ मध्ये नेहरूंच्या आमंत्रणावरून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेसाठी त्या परतल्या. कांसाचा धागा इतरांनी पुढे नेला. स्वातंत्र्यानंतर कोइम्बतूरच्या संस्थेने देशभर खास कांस गोळा करण्याच्या मोहिमा काढल्या. एकीकडे केंद्रीय ट्रॅक्टर संघटना कांस उखडत होती आणि दुसरीकडे त्याच सरकारची दुसरी संस्था तो जपून आणत होती, हा योग त्या काळच्या कागदपत्रांत कुणाच्या लक्षात आल्याचे दिसत नाही. पांजे आणि बाबू या संशोधकांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एक नकाशाच उभा राहिला. कांसाची गुणसूत्रसंख्या ४० पासून १२८ पर्यंत बदलते. कमी संख्येचे प्रकार भारतात, विशेषतः उत्तरेकडे आहेत, आणि आफ्रिकेकडे जावे तशी संख्या वाढत जाते. या गवताचे मूळ घर भारतीय उपखंडात असावे, या मताला त्यातून बळ मिळाले.

हा सगळा संग्रह आज केरळात कन्नूर येथील केंद्रात जिवंत ठेवलेला आहे. उसाच्या आणि त्याच्या रानटी आप्तांच्या जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी तो एक. नर्मदेकाठी ज्याला कुणी पाणी घालत नाही, त्या कांसाला तिथे ओळीत लावलेले, क्रमांक दिलेले, शेजारच्या ओळीत शिरू नये म्हणून आवरलेले पाहायला मिळते. कांसाचे वनस्पती उद्यान म्हणायचे तर ते हे.

उसाचा आणि कांसाचा फुलोरा एकाच वेळी येत नाही, ही पैदासकारांची जुनी डोकेदुखी आहे. दिवस साडेबारा तासांच्या आसपास आला आणि रात्र उबदार असली की उसाच्या शेंड्यात तुऱ्याची घडण सुरू होते. तुरा बाहेर यायला पुढे दोनतीन महिने लागतात. कांस, विशेषतः उत्तरेकडचा, याच्या कितीतरी आधी फुलून मोकळा होतो. नर फुलून गेला आणि मादी अजून पोटरीत, अशी स्थिती. मग नराच्या रात्रीत दिवे लावून त्याला दिवस मोठा असल्याचे भासवायचे आणि फुलोरा लांबवायचा, असे उपाय करावे लागतात. महाराष्ट्रात वसंतदादा साखर संस्थेने ऊस संकरासाठी सिंधुदुर्गातील आंबोली निवडली ती तिथल्या दमट, उबदार हवेसाठी. पठारावरच्या शेतकऱ्याला तुरा आलेला ऊस पाहून धास्ती वाटते, कारण तुऱ्यानंतर वाढ थांबते आणि कांडीत पोकळी धरू लागते. आंबोलीला तोच तुरा हवा असतो.

या इतिहासात शंभर वर्षांपूर्वी संपलेले असे काही नाही. जगातील बहुतेक सर्व ऊस वाण कांसाच्या अगदी मोजक्या झाडांपासून उतरले आहेत. १९३९–४० च्या सुमारास उत्तर प्रदेश-बिहारात ‘को २१३’ लाल कुजीच्या साथीत कोसळला. अलीकडे तेच चक्र पुन्हा फिरले. २००९ मध्ये प्रसृत झालेल्या ‘को ०२३८’ ने उत्तर प्रदेशातील ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्र व्यापले, साखर उतारा वाढवला आणि मग त्याच लाल कुजीला तो बळी पडू लागला. एकाच वाणाचा एवढा मोठा पट्टा रोगाला किती सोयीचा असतो, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. रोगाला तोंड देणारी नवी जनुके शोधायची तर ती गोड उसात फारशी उरलेली नाहीत. ती नदीकाठी आहेत.

२०१८ मध्ये कांसाचा जीनोम प्रसिद्ध झाला आणि २०२४ मध्ये ‘आर ५७०’ या लागवडीतील उसाचा. आधुनिक उसाचा जीनोम सुमारे दहा अब्ज अक्षरांचा, म्हणजे मानवी जीनोमच्या तिपटीहून मोठा. त्यात गुणसूत्रे शंभराच्या वर, प्रत्येकाच्या अनेक प्रती आणि त्याही एकमेकींशी पूर्ण न जुळणाऱ्या. म्हणूनच गहू, भात, मका यांच्या मागून कितीतरी वर्षांनी उसाची पाळी आली. या गुणसूत्रांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के सरळ कांसाची आहेत आणि आणखी काही दोघांच्या तुकड्यांची जोडलेली.

कांस सर्वत्र भरपूर आहे, मग चिंता कशाची, असे विचारता येईल. अमेरिकेत तो घातक तणांच्या सरकारी यादीत आहे आणि पनामात जंगलतोडीनंतर कालव्याकाठची जमीन त्याने व्यापली आहे. प्रजाती म्हणून त्याला धोका नाही हे खरे. पण पैदासकाराला प्रजाती नको असते, ठिकाण हवे असते. एका नदीच्या वळणावरचा कांस थंडी सोसतो, दुसऱ्या वळणावरचा क्षार. ४० गुणसूत्रांचा कांस नाहीसा झाला तर १२८ गुणसूत्रांचा त्याची जागा घेत नाही. दर वर्षी पुराने नवी होणारी वाळू हे त्याचे घर असते. धरणांनी पूर आवरले, वाळूचा उपसा झाला आणि घाट दगड-सिमेंटने बांधले गेले, तर तिथला स्थानिक प्रकार कुणाच्या नोंदीत न येताच जाऊ शकतो. भेडाघाट–लमेटाघाट परिसर २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला, तो कड्यांसाठी आणि जीवाश्मांसाठी. गवताला वारसा मानण्याची प्रथा नाही.

या शरदात जे विद्यार्थी कॅमेरा घेऊन नदीकाठी जातील, त्यांना थोड्या काळजीने उपयोगी नोंद करता येईल. नुसत्या तुऱ्याच्या छायाचित्रावरून ओळख पक्की होत नाही. मुंज या जवळच्या गवताचा तुरा अधिक मोठा असतो आणि झाड माणसाच्या डोक्यावरून जाते. दर्भासारखे दिसणारे दुसरे एक पांढऱ्या कणसाचे गवत गुडघाभर उंच असते, त्याचे कणीस बाटली धुण्याच्या ब्रशासारखे घट्ट, आणि ते बहुधा उन्हाळ्याकडे फुलते. कांसाचे पान अरुंद, मधली पांढरी शीर ठळक, बुडाकडे तर पान म्हणजे जवळपास शीरच. म्हणून तुरा, पान, पेर आणि कणिशकांची जोडी अशी चार छायाचित्रे घ्यावीत, सोबत तारीख, ठिकाण आणि जमीन वाळूची की काळी, एवढे टिपावे. प्रकाश कोवळा असताना, सकाळी सातच्या आत गेल्यास परागकोश उघडलेले सापडण्याची शक्यता अधिक.

उशीर मात्र करू नये. कार्तिकाच्या जत्रेपर्यंत धुआँधारच्या तुषारांनी जड झालेले तुरे करडे पडतात, केस सुटू लागतात आणि वारा त्यांना घळीच्या दिशेने, पाण्यावरून पलीकडच्या वाळूवर नेऊन टाकतो.